पुंगोलची शालू

सिंगापूरच्या मराठी घरांत गणपतीला गेलं की नव्याने आलेली एखादी बाई विचारतेच, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "शिंपले सांभाळते." ती हसते. मी हर्णैची आहे हे कळलं की आणखी हसते. आमच्याकडे शिंपले खातात, सांभाळत नाहीत. आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खाऊन वाढले, रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकले, बोटीवरच्या इंजिनिअरशी लग्न करून इथे आले. नवरा महिनोन्महिने समुद्रावर आणि मी एकटी फ्लॅटमध्ये. बसवेना, म्हणून शोभेच्या माशांच्या एका दुकानात कामाला लागले. मालक लिम अंकल. तेव्हापासून हेच काम. आता गुडघे कुरकुरतात, तरी बादली, ब्रश आणि मिठाची पिशवी घेऊन एमआरटीच्या गाडीने बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे हौशी लोक घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. त्यात प्रवाळ, छोटे मासे, आणि ज्याला जमेल तो जायंट क्लॅम ठेवतो, म्हणजे मोठा शिंपला. समुद्रातला पकडलेला नव्हे. लांबच्या बेटांवर या क्लॅमची शेती होते. बोटाएवढं पिल्लू असल्यापासून वाढवतात आणि तळहाताएवढं झालं की पाण्याच्या पिशवीत घालून, परवान्यासकट विमानाने पाठवतात. कवच वेडंवाकडं, पांढरट. पण ते उघडलं की काठांवरून मांसल झालर बाहेर येते, निळी, हिरवी, सोनेरी ठिपक्यांची. त्या झालरीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि क्लॅम त्यावर जगतो. म्हणून दिवा भारी लागतो. भारी दिव्याने पाणी तापतं, म्हणून पाणी गार करणारं यंत्र लागतं. कवच वाढायला पाण्यात चुना लागतो. खारटपणा जराही वरखाली झालेला चालत नाही. एवढं केलंत तर क्लॅम तुमच्यापेक्षा जास्त जगेल. नाही केलंत तर तो तोंड वासतो, झालर पांढरी पडते, आणि आपण मरताना टाकीतल्या बाकीच्यांनाही घेऊन जातो. त्या पाण्याचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. काँडोतल्या, म्हणजे महागड्या खासगी इमारतीतल्या, एका बाईंना सोफ्याच्या रंगाशी जुळणारा क्लॅम हवा होता. दर आठवड्याला त्या उशी टाकीला लावून पाहायच्या. एक चिनी आजोबा मला हळूच विचारायचे की हा वाफवण्याएवढा कधी होईल. एका घरात कामवाल्या मुलीने झुरळांचा फवारा मारला आणि दुसऱ्या दिवशी टाकीत काही म्हणता काही हलत नव्हतं. ती मुलगी रडत होती, मालकीण ओरडत होती, आणि मी चाळणीने मेलेली कोळंबी काढत होते. अशी मरणं या कामात येतातच. पण पुंगोल भागातल्या त्या घरात जे झालं ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. प्रशांतला विचारून लिहिते आहे. "नाव बदला आणि लिहा," तो म्हणाला. म्हणून नावं बदलली आहेत.

प्रशांत वाघमारे नांदेडचा. इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. बायको संघमित्रा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स. मुलगी इरा शाळेत. वडील गेल्यावर प्रशांतने आईला इथे आणलं. वत्सलामावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आवाज खणखणीत, दमा जुना, पंप कायम पदराच्या गाठीला. इथे त्यांना सगळं आवडलं, फक्त बोलायला कुणी नव्हतं. शेजारी मँडरिनमध्ये हसायचे, या मराठीत हसायच्या. नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. दिवसभर त्या बाराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खिडकीतून एलआरटी गाडीचे डबे जाताना बघत बसायच्या.

टाकी प्रशांतने हौसेने घेतली होती, पण ती झाली मावशींची. मी क्लॅम घेऊन गेले तेव्हा त्या खुर्ची ओढून समोरच बसल्या. दोन तास तो मिटून होता. मग हळूहळू उघडला. गडद निळा आणि काठाला सोन्याची रेघ.

"माय!" मावशी म्हणाल्या. "हा तर शालू आहे."

इराला तो शब्द माहीत नव्हता. आजीने लग्नातला फोटो आणून दाखवला. तेव्हापासून क्लॅमचं नाव शालू पडलं, आणि 'तो' होता ती 'ती' झाली.

क्लॅमच्या झालरीच्या काठावर बारीक बारीक डोळे असतात. सावली पडली की तो अंग आत ओढून घेतो. मावशी समोरून गेल्या की शालू मिटायची. "अगं, मीच आहे," मावशी म्हणायच्या. पुढे पुढे ती मिटेनाशी झाली. प्रशांत म्हणाला, "आई, तिला रोजच्या सावलीची सवय झाली, एवढंच." मावशी म्हणाल्या, "सवय म्हणजे वेगळं काय असतं रे? शाळेतली लेकरंही अशीच ओळखायला लागतात." मी शनिवारी गेले की चहा देताना आठवड्याचा अहवाल मला त्यांच्याकडूनच मिळायचा. मंगळवारी किती उघडली होती, कोणता मासा तिच्या अंगावरून पोहत गेला, आणि सून दमून येते, मुलगा बोलत नाही, नात लांब जाते, हेही त्याच ओघात.

क्लॅम बुडातून बारीक तंतू सोडतो आणि दगडाला घट्ट धरतो. शालूने एक मोठा, भोकाभोकांचा दगड धरला होता. काही महिन्यांनी त्याच दगडावर तपकिरी बटणांसारखे जीव वाढायला लागले. प्रवाळांचे लांबचे भाऊबंद. प्रवाळाच्या एखाद्या तुकड्यावर एक-दोन चिकटून येतात आणि पसरत जातात. ते शालूच्या कडेपर्यंत आले. त्यांचा स्पर्श झाला की ती अर्धीच उघडायची.

या बटणांतल्या काही जातींत भयंकर विष असतं. बघून कोणती विषारी हे सांगता येत नाही, म्हणून सगळीच विषारी धरायची. मला त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाला हर्णैला जायचं होतं. मी प्रशांतला टाकीपाशी उभं करून सांगितलं, "यांच्यात विष आहे. मी येईपर्यंत दगडाला हात लावू नकोस. लावावाच लागला तर हातमोजे घाल, चष्मा घाल. घासायचं नाही. गरम पाणी तर मुळीच नको. परत आले की मी शालूचे तंतू कापते, तिला दुसरा दगड देते आणि हा फेकून देते."

"हो ताई," तो म्हणाला. त्याने फोनवर लिहूनही घेतलं. मावशी तेव्हा इराला डबा भरून देत होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या गडबडीत माझा फोन वाजला. संघमित्रा होती. मी विहिरीकडे गेले, तरी ढोल ऐकू येत होता.

"ताई, त्या दगडावर नेमकं काय होतं? नाव सांगा, स्पेलिंगसकट."

तिचा आवाज ड्युटीवरच्या नर्सचा होता, अगदी कोरडा. मी नाव सांगितलं. पलीकडे ती कुणाला तरी ते इंग्रजीत सांगत होती. मग म्हणाली, "आई ऑक्सिजनवर आहेत. प्रशांतने तो दगड उकळला."

ती बटणं उकळली की विष वाफेबरोबर हवेत जातं आणि श्वासातून आत उतरतं. त्यावर उतारा नाही. श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. डॉक्टरांनीही ते लगेच ओळखलं होतं, नाव फक्त पक्कं करून घ्यायचं होतं.

पुढचे दिवस, लग्नात आणि नंतरच्या पूजेत, मी फोन हातात घेऊनच वावरले. मावशी आयसीयूत गेल्या. नळी घातली. मग एकदा संघमित्राचा मेसेज आला की नळी काढली, भात मागितला. मी भाचीला जाऊन मिठी मारली, तिला काही कळलं नाही. दोनच दिवसांनी न्यूमोनिया झाला, आणि त्यातून मावशी उठल्या नाहीत. मी सिंगापूरला पोहोचले तेव्हा अंत्यसंस्कार झालेले होते.

शनिवारी पुंगोलला गेले. दार नांदेडहून आलेल्या प्रशांतच्या थोरल्या भावाने, विवेकने उघडलं. आईसारखंच कपाळ. "जय भीम, ताई. या." हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी मावशींचा फोटो, पुढे मेणबत्ती. सकाळीच भन्तेजी येऊन वंदना झाली होती, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नांदेडला व्हायचा होता. संघमित्रा स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मघाशीच घासलेली भांडी पुन्हा घासत होती.

टाकी चालू होती. शालू कोपऱ्यात एका पसरट बशीत ठेवलेली, पूर्ण उघडलेली. मी वाकून बुडाशी पाहिलं. तंतू अगदी मुळाशी, सफाईने कापले होते. या कामात भल्याभल्यांचा हात हलतो आणि क्लॅम मरतो. प्रशांतने ते पहिल्याच खेपेला बरोबर केलं होतं.

तो खोलीतून आला. दाढी वाढलेली, अजून खोकत होता. "ताई, सगळं काढून टाका. आजच."

मी पाणी उपसायला घेतलं. विवेकने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बादल्या न्हाणीघरात नेऊन ओतायला लागला. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं असेल. तो बादली खाली ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"ताई, तुम्ही या कामातल्या आहात. मला खरं सांगा. आई कशानं गेली? हा म्हणतो न्यूमोनियानं. संघमित्रा काही बोलत नाही. शेजारचा पोरगा म्हणाला की घरात काहीतरी विषारी गॅस झाला होता."

माझ्या हातात पाइप होता. मागे भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणाले, "विवेकभाऊ, ते तुम्ही प्रशांतला विचारा."

"त्याला विचारलं. म्हणून तुम्हाला विचारतो."

"मी सांगतो," प्रशांत म्हणाला. तो दारातच उभा होता.

त्याने भावाला सगळं सांगितलं. शालू अर्धीच उघडते म्हणून आई रोज हळहळत होती. ताईंची वाट बघेपर्यंत ती मरेल असं तिला वाटायला लागलं. म्हणून त्याने व्हिडिओ पाहिले, रविवारी हातमोजे घालून दगड बाहेर काढला, शालूचे तंतू कापून तिला परत पाण्यात ठेवलं. राहिला दगड. तो स्वच्छ झाला तर शालूला तिची जुनी जागा परत देता येईल. एका व्हिडिओत माणूस दगड उकळत होता. याने बिर्याणीचं पातेलं घेतलं.

"ताईंनी गरम पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?" संघमित्राने विचारलं. ती ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"सांगितलं होतं. मला वाटलं शालूला चटका बसेल म्हणून. शालू तर मी आधीच बाजूला काढली होती."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं; गरम पाणी का नको, ते मी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ती शनिवारची सकाळ आली, तो मान हलवतोय आणि फोनवर लिहून घेतोय.

"मग?" विवेक म्हणाला.

"पातेलं ठेवलं, झाकण घातलं. इराचा स्विमिंगचा क्लास सुटायची वेळ झाली होती. आई तिथेच होती. मी म्हटलं, आई, जरा लक्ष ठेव. उतू जाऊ देऊ नको."

टाकीचा पंप बंद केलेला होता, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"परत आलो तर ती पातेल्यापाशी उभी. झाकण काढून ठेवलेलं. हातात लाकडी चमचा. वास यायला लागला होता. मी इराला खाली खेळायला पाठवलं, खिडक्या उघडल्या. तेव्हा ती बरी होती. चहा प्यायली. म्हणाली, तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येतेय. मग थंडी वाजायला लागली." तो खोकला. "हॉस्पिटलमध्ये, नळी घालायच्या आधी, मला म्हणाली, एक थेंबसुद्धा उतू जाऊ दिला नाही रे."

आईंना पातेल्यापाशी उभं केलं होतं, हे संघमित्रालाही नवीन होतं. तिच्याच हॉस्पिटलात, तिच्याच ओळखीच्या डॉक्टरांसमोर तिने सासूच्या अंगावरचे कपडे बदलले होते, रिपोर्ट वाचले होते, आणि हे एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

विवेक स्वयंपाकघरात गेला. शेगडीकडे बघत उभा राहिला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. प्रशांतलाही वाटलं असावं, कारण तो तसाच ताठ उभा होता, मार खायला उभं राहावं तसा.

"तिला कळलं होतं का?" विवेकने पाठमोऱ्यानेच विचारलं. "कशानं झालं ते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. ती शालूचीच चौकशी करत होती."

"मग ठीक आहे," विवेक म्हणाला. बाहेर येऊन त्याने बादली उचलली आणि उरलेलं पाणी ओतायला लागला. त्या दिवशी तो प्रशांतशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. जाताना अस्थी घेऊन गेला. नंतर फोनवर तो इराशी बोलायचा, संघमित्राशी बोलायचा. प्रशांतशी बोलायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं, आणि तेही गावच्या घराच्या छपरासंबंधी. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की वय, दमा, विष आणि न्यूमोनिया यांतलं नेमकं काय हे वेगळं काढता येणार नाही. संघमित्रा हे वाक्य लोकांना सांगते. प्रशांत सांगत नाही.

राहिली शालू. इरा तिला सोडायला तयार नव्हती. "आजीची आहे ती. यू कॅनॉट जस्ट टेक लाह!" असं सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ती टाकीला चिकटून उभी राहिली. संघमित्रा खाली बसली, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "घरात समुद्राचा एक दगडही नको आता, बेटा." एका नातेवाइकाने सुचवलं की समुद्रात सोडून द्या, पुण्य लागेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. शेतात वाढलेला जीव, कुठल्या कुठल्या बेटावरून आलेला. इथल्या समुद्रात सोडणं कायद्याने चूक आणि इथल्या शिंपल्यांनाही धोका. मी तिला बादलीत घालून टॅक्सीने दुकानात आणलं. टाकीचे बाकीचे दगड हातमोजे घालून दुहेरी पिशव्यांत बांधले आणि विल्हेवाटीला दिले. एकटीने. लिम अंकलनाही जवळ येऊ दिलं नाही.

दुकानात ती जगली. वाढलीसुद्धा. पण दुकान हे दुकान असतं. जुरोंग ईस्टच्या एका गृहस्थांनी तिला पाहिलं आणि त्यांना ती हवीच होती. टाकी मोठी, दिवा उत्तम, माणूस सावध. लिम अंकल माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं आणि स्वतः नेऊन बसवून आले.

त्यानंतर एकदा दुपारी मी दुकानात मिठाच्या पिशव्या रचत होते. प्रशांतचा फोन आला. त्याआधी त्याने कधी शालूचं नाव काढलं नव्हतं.

"ताई, ती आहे का?"

"आहे. दुसऱ्या घरी दिली. छान आहे."

"बरं." मग त्याने विचारलं, "तुम्ही त्या माणसाला सांगितलंत ना? त्या बटणांचं?"

"सांगितलं. आणि का ते आधी सांगितलं. वाफेचं, श्वासाचं, सगळं. आता मी सगळ्यांना तसंच सांगते."

"त्यांच्या घरी कोण कोण आहे?"

"ते, त्यांची बायको, दोन मुलं. सासरे असतात."

"सासऱ्यांना सांगितलंत?"

मी गेले तेव्हा म्हातारे गृहस्थ खाली फिरायला गेले होते. मुलांना सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं. "ते घरी नव्हते," मी म्हणाले. "शनिवारी जाणारच आहे, तेव्हा सांगते."

"आज जा ना, ताई," तो म्हणाला.

मी लिम अंकलना सांगितलं, पाकीट घेतलं आणि जुरोंग ईस्टला निघाले.